गुलाबी तुऱ्यांचं गवत आणि वाळूची राजकन्या

एका राज्यात, समुद्राच्या काठी, होता मेघवाहन राजा, होती हेमप्रभा राणी, आणि दोघांत मिळून एकुलती एक लेक, केसर. किनाऱ्यावर वाळूची टेकडी होती. टेकडीवर गवत होतं. कार्तिक लागला की त्याला असे गुलाबी तुरे यायचे, की वाटावं टेकडीच शालू नेसून बसली आहे.

राणीला ते तुरे आवडले. राणीला आवडले म्हणजे हवेच झाले. माळ्यांना हुकूम सुटला, सगळं गवत उपटा आणि वाड्याच्या चौकात लावा. एका दिवसात टेकडी उघडी पडली.

टेकडीखाली वाळूबुवा नावाचा मांत्रिक निजलेला असे. तो उठून वर आला. म्हणाला, "राणी, माझं पांघरूण नेलंस. तुझी लेक वाळूची होईल आणि वारा तिला मूठमूठ नेईल. हेच गवत इथं पुन्हा तुऱ्यावर येईल, तेव्हाच ती तुला मिळेल."

केसर टेकडीवर खेळत होती, ती उभ्या जागी वाळूची झाली. पहिल्याच दिवशी वाऱ्यानं तिच्या वेणीचा शेंडा नेला.

राजानं तिच्याभोवती दगडी कोट घातला. कोट वाळूत खचला. गवत परत न्यावं, तर चौकातलं सगळं कुजून गेलेलं. माळ्यांनी त्याला शेणखत घातलं होतं, दूध पाजलं होतं, दोन वेळा न्हाऊ घातलं होतं. राजाघरचं गवत ना, लाड नकोत का! मुदपाकखान्यामागे फुटक्या कुंडीत एक ठोंब तेवढा जगला होता, कारण त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मार्गशीर्षात राणी तो ठोंब उराशी धरून टेकडीवर आली. तिथं एक टिटवी बसली होती. त्या राज्यात पाखरं बोलायचीच, ही जरा फटकळ बोलायची.

"राणीबाई, कामं तीन आहेत," टिटवी म्हणाली. "माळी पाठवलात तर लेक गेली म्हणून समजा."

पहिलं काम, ठोंब फोडायचा. राणीनं एकाचे बारा केले, प्रत्येकाला मूळ ठेवलं, आणि लेकीच्या पायांभोवती हात-हात अंतरानं कोरड्या वाळूत लावले. खत चिमूटभरही नाही.

दुसरं काम, मुळं धरेपर्यंत महिनाभर पाणी आणि मग तांब्या ठेवून द्यायचा. माघात पाती पिवळी पडली. लेकीचे खांदे झिजले होते. राणीला राहवेना म्हणून ती तांब्या भरून घेऊन आली. टिटवीनं विचारलं, हे पाणी गवतासाठी आहे की तुमच्या जिवासाठी? राणी ते पाणी स्वतःच पिऊन गेली.

फाल्गुनात तिसरं काम आलं. नवे कोंब यायच्या आत सगळं गवत वीतभर ठेवून कापायचं. लेकीचा चेहरा आता ओळखू येत नव्हता. राणीनं विळा उचलला तसा राजा आडवा आला.

"उरलंय तेही कापतेस?"

"महाराज, उपटायला सांगितलं तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. आता अडवू नका."

राजा बाजूला झाला. राणीनं बाराही ठोंब कापले. त्या दिवशी वारा दोन मुठी घेऊन गेला, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

चैत्रात कोंब फुटले, टोकदार, हिरवे. पावसाळ्यात मुळांनी मुळांना धरलं आणि टेकडी घट्ट झाली. वारा यायचा, रित्या हातानं जायचा. कार्तिकात एका सकाळी तुरे उमलले, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी कुरकुरलं, "आई, पायाला गवत टोचतंय."

राणीनं लेकीला उचललं, पण आधी पाऊल कुठं पडतंय ते बघून. वाळूबुवानं पांघरूण ओढलं आणि कूस बदलली.

पुढं केसर गादीवर बसली. दर फाल्गुनात राणी, राजा, मागाहून जावई आणि नातवंडं, सगळे विळे घेऊन टेकडीवर जात. टेकडी लाटांना आडवी उभी राहिली, म्हणून समुद्रानं त्या राज्यातलं एकही घर नेलं नाही, आणि त्या कुटुंबाच्या दारी सुख आलं ते मूळ धरूनच राहिलं.