पाचवा वज्रकेतू

त्या रानात पक्षी पुष्कळ होते आणि नावं मोजकी.

रान डोंगराच्या कुशीत होतं आणि त्यात धनेशांची तीन घराणी नांदत होती. प्रत्येक घराण्याचं एक मोठं जुनं झाड होतं आणि झाडावरूनच घराणं ओळखलं जाई: एक नांदरूक घराणं, एक पायर घराणं, एक उंबर घराणं. धनेश म्हणजे भला थोरला पक्षी. चोचीवर पिवळा टोप. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एवढं वजन हा डोक्यावर घेऊन उडतो तरी कसा. टोप आतून पोकळ असतो. हे प्रत्येक धनेशाला ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे.

त्यांची नाव ठेवायची रीत अशी. मादी झाडाच्या ढोलीत शिरली की आतून चिखलाने ढोलीचं तोंड लिंपून घ्यायची. चोच जाईल एवढी एक फट फक्त राहायची. आत अंडं, मग पिल्लू. पिल्लाने डोळे उघडले की बाप पहिलं पिकलं फळ घेऊन फटीशी यायचा, फळ पिल्लाच्या चोचीत द्यायचा, आणि घराण्यातल्या कुणा गेलेल्या थोराचं नाव रानाला ऐकू जाईल असं पुकारायचा. पिल्लाने फळ गिळलं की नाव लागलं. तोवर घराण्याने त्याला दुसरा घास द्यायचा नाही.

नाव लागलं की ते पिल्लू म्हणजे तो थोरच. थोर ज्या फांदीवर बसायचा ती याची फांदी. थोराचे मित्र ते याचे मित्र, आणि थोराचं वैर असेल तर तेही याचंच. सकाळ झाली की आपल्या फांदीवर बसायचं, त्याच फांदीची फळं खायची, तिथेच बिया टाकायच्या. झाडाखाली बियांचा खच पडलेला असे. सावलीत त्यातलं काही रुजत नसे, आणि तिकडे बघायला कुणी खाली उतरतही नसे.

या रीतीमुळे एक बरं होतं. त्या रानात कुणी मरत नसे. वनघोष गेला असं एखाद्या सकाळी कानावर यायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात वनघोष फटीतून चोच काढून फळ मागत असायचा. रडायची कुणाला सवयच राहिली नव्हती.

नांदरूक घराण्यातलं सगळ्यात मानाचं नाव वज्रकेतू. पहिल्या वज्रकेतूने कड्यावरच्या गरुडाशी एका फळझाडावरून भांडण मांडलं आणि तिथेच प्राण सोडला. मग दुसरा गेला, तिसरा गेला. कड्यावर जायचा प्रत्येकाचा दिवस थोरांनी नेमून द्यायचा. कड्यावरचं ते झाड मधल्या काळात वाळून पडलं, त्याचा बुंधाही पावसाने वाहून नेला. गरुडही बदलले होते. आताच्या गरुडाला भांडण कशाचं होतं हेसुद्धा माहीत नव्हतं. एक पिवळा टोप अंगावर चालून येतो, म्हणून तो पंजा मारायचा, एवढंच.

चौथा वज्रकेतू केशराचा नवरा होता. केशरा ढोलीत अंड्यावर बसलेली असताना त्याचा दिवस आला. तो फटीशी येऊन म्हणाला, "पोर डोळे उघडायच्या आत येतो." आणि गेला.

पोराने डोळे उघडले तेव्हा फटीशी सावली पडली ती सासऱ्यांची. शिखरघोष हा घराण्यातला सगळ्यात थोर. त्याच्या चोचीत झाडावरचं सगळ्यात पिकलेलं फळ होतं. ते त्याने फटीच्या काठावर ठेवलं.

"सूनबाई, पोराला पुढे आण."

"मामंजी, हे कुठे आहेत?"

म्हाताऱ्याने काठावरचं फळ नीट केलं. मग म्हणाला, "हा काय, इथेच तर आहे. आण त्याला पुढे. नाव लागलं की झालं."

केशराला कळायचं ते कळलं. ढोलीत बसणाऱ्या मादीची पिसं झडलेली असतात. तशा उघड्या पंखाखाली तिने पिल्लाला ओढून घेतलं.

"कुठलं नाव, मामंजी?"

"वज्रकेतू. दुसरं कुठलं असणार?"

"फळ द्या. नाव नको."

"फळाबरोबर नाव जातं, सूनबाई. सुटं कसं देऊ?"

"मग राहू द्या फळही."

केशरा हे तिच्या आजीचं नाव. ती आजी मोठी मवाळ होती, तेव्हा केशरा नावाच्या बायका उलट बोलत नाहीत असं सगळं रान धरून चाललं होतं. त्यामुळे पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना. जाऊबाई येऊन फटीशी बसली.

"अगं, एवढं मानाचं नाव आपण होऊन चालत आलंय. माझ्या पोराला मिळालं ते कुठलं, तर पर्णघोष! त्या पर्णघोषाने जन्मभर काय केलं, तर झोपा काढल्या. या नावासाठी लोक जीव टाकतात."

"तेच तर, जाऊबाई. आत्तापर्यंत चौघांनी टाकला."

जाऊबाई उठून गेली. मग काही दिवस दुसरं कुणी आलं नाही. शिखरघोष मात्र रोज येई. सकाळी फळ घेऊन फटीशी बसायचा आणि दिवस मावळेपर्यंत हलायचा नाही. आत पिल्लू भुकेने ओरडायचं. म्हाताऱ्याचा टोप दर ओरड्याला थोडा खाली जायचा, पण फळ तो तसंच धरून ठेवायचा. संध्याकाळी ते मऊ होऊन गळून पडे. त्या दिवसांत त्याने स्वतःही काही खाल्लं नाही.

"एकदा फक्त हाक मारू दे मला त्याला," एकदा तो म्हणाला. "वज्रकेतू म्हणून. ओ देईल तो."

"तो भुकेने ओरडतोय, मामंजी. ओ देत नाहीये."

ढोलीच्या वरच्या अंगाला एक कुटुरगी राहायची. हिरवी, मुठीएवढी, दिवसभर कुटुर्र कुटुर्र करणारी. त्यांच्यात घराणं नव्हतं. म्हातारा गेला की ती फटीशी टपकायची.

"काय गं बाई, तुमच्यात जेवायच्या आधी पूर्वज मोजावे लागतात होय?" असं म्हणून तिने एक बारीकसं फळ आत सरकवलं. "घे. आमच्या चोचीत मावतं तेवढंच आहे. तुझ्या पोराच्या घशाला कळायचंही नाही, काही गेलं म्हणून."

केशराने ते फळ पिल्लाला भरवलं. स्वतः साल खाल्ली.

"नाव काय याचं?" कुटुरगीने विचारलं.

"नाही अजून."

"मग हाक कशी मारतेस?"

"मी नाही मारत. तो ओरडतो, मी ऐकते."

"अय्या, मग आमच्यासारखंच झालं की!" कुटुरगी म्हणाली, आणि तिने आपल्या साऱ्या भावकीला हाका घातल्या. तेव्हापासून म्हातारा उठला की त्या फटीशी बारक्या बारक्या चोचींची रीघ लागायची. एकेक फळ नखाएवढं. पण रीघ मोडली नाही, आणि पिल्लू जगलं.

केशराच्या पंखांत पुन्हा पिसं भरली. पिल्लालाही उडता येईल एवढी आली. एका सकाळी ती आतून चिखलाचं लिंपण चोचीने फोडायला लागली. शिखरघोष नेहमीसारखा समोर फळ घेऊन बसलेला होता.

"सूनबाई, नाव न लागता ढोली फुटली, तर या पोराला या झाडावर फांदी नाही. पायरावर नाही, उंबरावर नाही. कुठेच नाही."

"माहीत आहे, मामंजी."

"लोक त्याला काय म्हणतील?"

लिंपण वाळून दगडासारखं झालं होतं. तिच्या चोचीचा शेंडा तुटला. ती थांबली नाही. मोठा पोपडा खाली पडला तशी ती बाहेर आली, म्हाताऱ्याच्या पायाशी वाकली, आणि पिल्लाला पुढे घालून उडाली. म्हातारा फळ धरून त्या मोकळ्या ढोलीकडे बघत बसला.

पोराला फांदी नव्हती ती नव्हतीच. ज्या झाडावर बसावं तिथे कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "उठा, ही जागा रणघोषांची." मोठ्या अदबीने म्हणायचे, पण उठवायचे. म्हणून ती दोघं एका झाडावर चार फळं खायची आणि पुढे जायची. दुसऱ्या झाडावर चार खायची, आणखी पुढे जायची. रानापलीकडे उघडा सडा होता, नुसता कातळ, मधे एकच सावरीचं झाड. तिथे बसलं तर कुणी उठवत नसे. तिथे बसून ती बिया टाकायची. ओढ्याकाठी टाकायची, कातळाच्या चिरांत टाकायची, मुद्दाम असं काही नाही. पोटात असतील त्या टाकायच्या.

कुटुरगीच्या भावकीने पोराचं नाव पाहुणा पाडलं. कुठेही गेला तरी उठायच्या तयारीने बसतो, म्हणून पाहुणा. रानातली पोरं त्याला चिडवायची, "काय पाहुणं, आज कुणाकडं?" तो हसायचा. एकदा उडता उडता तो कड्याजवळून गेला. गरुडाने मान वळवून पाहिलं. पाहुणा त्याच्या अंगावर गेला नाही, तसा गरुड पुन्हा आपल्या पिसांत चोच घालून बसला. लांबून पाहणारी केशरा मग पुढच्या झाडाकडे वळली.

बरेच उन्हाळे गेले. तीन घराण्यांची तीन झाडं म्हातारी झाली. फळ आधी कमी आलं, मग बारीक आलं, मग एका वाऱ्यात नांदरूक मुळासकट आडवं झालं. घराणं तरीही जागचं हललं नाही. वनघोष सकाळी उठून जमिनीवर पडलेल्या फांदीवर जाऊन बसला, कारण ती त्याची होती. पर्णघोष पानांच्या ढिगात जाऊन झोपला. पायर आणि उंबर उभी होती, पण पायराच्या आणि उंबराच्या लोकांनाच तिथे पुरत नव्हतं.

शेवटी भुकेने सगळ्यांना उठवलं. सड्याच्या बाजूला हिरवं दिसतं असं कुणी म्हणालं, तेव्हा कुणाला ते खरं वाटेना. जाऊन बघतात तर कातळ फोडून झाडं उभी. तीही कशी? नांदरुकाच्या मुळांत पायराची मुळं, त्यात उंबराची. कुठलं खोड कुठे सुरू होतं ते सांगता येईना. अंगोपांगी फळ लागलेलं. तिन्ही घराण्यांचे थोर झाडाभोवती घिरट्या घालत होते, पण बसेना कुणी.

"हे कुणाचं म्हणायचं?" उंबराच्या थोराने विचारलं.

शिखरघोष सगळ्यांच्या मागून आला. आता त्याच्याने लांब उडवत नव्हतं. वरच्या फांदीवर एक म्हातारी धनेशीण बसली होती. तिच्या चोचीचा शेंडा तुटलेला होता.

"या मामंजी. बसा."

"कुठे बसू?"

"कुठेही बसा."

म्हातारा बराच वेळ फांद्यांकडे बघत राहिला. मग सगळ्यात जवळची होती तिच्यावर उतरला. तो बसला तसे बाकीचेही एकेक करून उतरले, आणि खायला लागले.

झाडांच्या मधोमध ती जुनी सावर होती. तिच्या ढोलीचं तोंड ओल्या चिखलाने लिंपलेलं होतं. आत पाहुण्याची बायको होती, आणि पिल्लाने त्याच सकाळी डोळे उघडले होते. पाहुणा पहिलं पिकलं फळ घेऊन आला, तो फटीकडे न जाता आजोबांपुढे येऊन थांबला.

"आजोबा, तुम्ही भरवा."

खाणाऱ्या चोची थांबल्या. पहिलं फळ भरवणारा काय पुकारतो ते प्रत्येकाला माहीत होतं. वर्षानुवर्षं ते नाव म्हाताऱ्याच्या घशात जसंच्या तसं बसून होतं, हेही माहीत होतं. केशराची नखं फांदीत रुतली. तिने अडवलं मात्र नाही. फळ पोराने आपण होऊन दिलं होतं.

म्हाताऱ्याने फळ चोचीत घेतलं आणि तो सरकत सरकत सावरीच्या फटीशी गेला. आतून आवाज आला. बारीक, थोडा चिरका, शेवटाला वर चढणारा. तसा आवाज त्या रानात आधी कुणाचा नव्हता.

म्हातारा थबकला. फळ त्याने खोडावर टेकवून ठेवलं.

"सूनबाई," तो मागे न बघता म्हणाला, "माझा पोरगा गेला, नाही का?"

"हो, मामंजी. गेले ते."

म्हाताऱ्याचा टोप खोडाला टेकला. पोकळ असल्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तो तसाच बराच वेळ राहिला, आणि कुणी त्याला उठवलं नाही.

आत पिल्लू पुन्हा ओरडलं. म्हाताऱ्याने फळ उचललं आणि फटीतून आत दिलं. आता तो पुकारणार म्हणून सगळ्या माना पुढे झाल्या. त्याने चोच मिटली, मान तिरपी केली, आणि फटीला कान लावला.