सोन्याची तिफण आणि तीन ढेकळं

एका राज्यात वसंत रथात बसून येत नसे, पायी येत असे. उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरांआडून तो निघे. आधी नदीकाठच्या मळईत पोचे, मग मुरमाड माळावर चढे, आणि सर्वांत शेवटी दमूनभागून काळवटीत उतरे. म्हणून त्या राज्यात पेरणीचे दिवसही तीन होते. मळईची रेताड माती चार उन्हांत उबदार होई. काळवटीची चिकण माती मात्र पाणी धरून बसे आणि पुढे महिनाभर थंडच राही.

कोणत्या मातीची वेळ झाली हे सांगायला राजाच्या पदरी एक भुईपारखी असे. सकाळी अनवाणी शेतात उभं राहायचं, मूठभर माती दाबून तिचं ढेकूळ करायचं आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचं. फुटलं तर वाफसा आला, पेरा. चपटं झालं तर थांबा. एवढंच त्या पदाचं काम, पण त्या शब्दावर सारं राज्य जेवत असे.

ही कथा घडली तेव्हा भुईपारखी होती गोजराबाई. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. तिला वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्याला कारण तीच होती.

झालं होतं असं. तेव्हा गादीवर असलेल्या थोरल्या महाराजांना वाट पाहण्याचा भारी कंटाळा. एका वसंतात कंकनाथ नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याच्या खांद्यावर बी पेरायची बाभळीची तिफण होती, तीन नळ्यांची, कुठल्याही शेतकऱ्याकडे असते तशी.

"महाराज," तो म्हणाला, "ही तिफण सोन्याची झाली की तिला एकदा ओढायचं. कोठारातलं बी त्याच क्षणी राज्यातल्या प्रत्येक शेतात, सरळ ओळींत जाऊन पडेल. ना बैल, ना घाम."

"सोन्याची कधी होईल?"

"तिन्ही प्रांतांना वाफसा आला असं तुमची भुईपारखी म्हणेल, तेव्हा."

गोजराबाई तेव्हा वीस वर्षांची होती, पदावर नवी. त्या सकाळी मळईचं ढेकूळ फुटलं होतं. माळ अजून गारठलेला होता, आणि काळवटीत तर पाय रुतत होता. पण महाराज हसत होते, दरबार तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि एवढ्या माणसांच्या आनंदावर पाणी ओतायची तिची छाती झाली नाही.

"होय महाराज," ती म्हणाली. "तिन्हीकडे वाफसा आहे."

तिफण पिवळीधमक झाली. मांत्रिक आपली बिदागी घेऊन निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

बरीच वर्षं वसंतानं चालवून घेतलं. पण खोट्या होकारावर बी पडतंय हे त्याला कळत होतं, आणि एके वर्षी तो रुसला. मग तो वाटेल तेव्हा येऊ लागला, वाटेल तेव्हा पाठ फिरवू लागला. थोरले महाराज वारले आणि तरुण धारासेन गादीवर बसला, त्याच्याच वाट्याला हे आलं. पहिल्या वसंतात फाल्गुनातच ऊन तापलं, तिफण ओढली, कोंब वर आले आणि एका पहाटेच्या हिमाने करपून गेले. दुसऱ्या वसंतात धारासेनानं धीर धरला, तर अवकाळी पाऊस लागला आणि बी जमिनीतच कुजलं. आता तिसरा वसंत. कोठारात राळ्याच्या बियाण्याची एकच कणगी उरली होती. ती वाया गेली तर पुढे पेरायलाही नव्हतं आणि खायलाही नव्हतं.

धारासेन वाईट राजा नव्हता. भुकेलेल्या पोरांची तोंडं पाहून त्याला घास उतरत नसे. म्हणूनच तो घाई करत होता. "परवा तिफण ओढू," त्यानं जाहीर केलं.

ते ऐकून गोजराबाई नदीकाठी जाऊन रडली. तिथं गोट्यांत अंडी घालून एक टिटवी बसली होती. ती माणसासारखी बोलत असे, आणि बोलली की फटकळच बोलत असे.

"रडून माती वाळते का गं?" टिटवी म्हणाली. "शाप तू ओढवलास, तूच काढ. तिन्ही नळ्यांत तिन्ही प्रांतांचं खरं घाल. सोनं उतरेल, वसंताचा रुसवाही."

"खरं म्हणजे काय?"

"ते मला विचारतेस? पारखी तू की मी?"

गोजराबाईनं डोळे पुसले आणि थेट राजाकडे गेली. तीस वर्षांपूर्वी आपण काय केलं ते तिनं काही न लपवता सांगितलं. टिटवीचं बोलणंही सांगितलं.

"तुला काय हवं?" धारासेनानं विचारलं.

"चैत्र संपेपर्यंत मुदत. तिन्ही प्रांतांतलं एकेक फुटणारं ढेकूळ आणते, तीन नळ्यांत घालते."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर मग तुमच्या मनाला येईल ते करा, महाराज."

"चैत्राच्या शेवटच्या दिवशी तू असशील तिथं मी तिफण घेऊन येईन," राजा म्हणाला. "त्यापुढे मी थांबणार नाही."

मळईचं काम सोपं झालं. गोजराबाई अनवाणी उभी राहिली, तळव्यांना ऊब लागली. ढेकूळ सोडलं, फुटलं. त्याचे तुकडे तिनं पदरात बांधले.

माळानं मात्र तिला दमवलं. दुपारी माती भाकरीसारखी गरम, सकाळी पाय ठेववत नाही. सातव्या दिवशी गारा पडल्या, बोराएवढ्या, आणि गोजराबाई एका खडकाच्या आडोशाला डोक्यावर टोपली धरून बसली. पारख विसरलेले हात होते तिचे. दोनदा तिला वाटलं झालं, आणि दोनदा ढेकूळ धप्पकन बसलं. अकराव्या सकाळी ते फुटलं. तिनं त्या मातीला हात जोडले.

उरली काळवट. तिथं तिची धाकटी बहीण तुळसा नांदत होती. दोन्ही वसंतांत तुळसाचं शेत वाया गेलं होतं. बहिणीच्या खोट्या शब्दाची गोष्ट आता गावोगाव झाली होती, आणि तुळसानं दारातूनच विचारलं, "आक्का, कशाला आलीस?"

"तुझ्या शेतात उभं राहायला."

"राहा उभी. पानावर बसायला मी बोलावणार नाही."

गोजराबाई रोज सकाळी बांधावरून आत उतरे, ढेकूळ सोडी. ते चपटं होई. ती परत बांधावर येऊन बसे. चौथ्या दिवशी तुळसानं काही न बोलता तिच्यापुढे भाकरीचा चतकोर ठेवला. घरात तेवढाच होता.

चैत्राचा शेवटचा दिवस उजाडला. आठ दिवस ऊन चांगलं तापलं होतं. काळवटीवर पांढरी पापडी धरली होती आणि बारीक भेगा पडल्या होत्या. पाहणाऱ्याला वाटावं, रान तयार आहे. राजा आला. सोन्याची तिफण आली, बियाण्याची कणगी आली, मागून सारं गाव आलं. गोजराबाईनं दोन नळ्यांत दोन प्रांतांची माती घातली.

"तिसरं?" धारासेनानं विचारलं.

ती शेतात उतरली. वरची पापडी उबदार लागली. तिनं ती बाजूला सारून वीतभर खाली हात घातला. खाली थंड होतं. तिनं त्या मातीचं ढेकूळ केलं, कमरेला धरलं आणि सोडलं.

ते चपटं झालं.

गावातून एक हुंदका ऐकू आला. एक म्हातारा म्हणाला, "बाई, वरची माती घे ना. ती फुटंल." आणि खरंच, वरची फुटली असती. तिला ते माहीत होतं. पुन्हा तोच दिवस आला होता, तीच आशेची तोंडं, आणि या वेळी त्यांत तिची बहीण होती, चतकोर भाकर देऊन उपाशी राहिलेली. गोजराबाई राजाकडे वळली.

"महाराज," ती म्हणाली, "नाही. काळवटीला अजून वाफसा नाही."

"मग कधी?"

"ठाऊक नाही. माती सांगेल तेव्हा सांगेन."

"आज माझी मुदत संपते."

"माझी संपली, महाराज. मातीची नाही. आज ओढलीत तर हे शेवटचं बी कुजेल. मला वेशीबाहेर घाला, पण मी होय म्हणणार नाही."

धारासेनाचा हात तिफणीवर होता. त्यानं कणगीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

त्याच क्षणी तिफणीवरून सोनं उतरलं. आधी दोन नळ्यांचं उतरलं आणि मग रिकाम्या तिसरीचंही. खाली बाभळीचं जुनं लाकूड होतं, धरायच्या जागी घासून गुळगुळीत झालेलं. टिटवी वरून ओरडत गेली, "खरं म्हणजे होयच असतं असं कोण म्हणालं होतं?"

राजानं कणगीचे तीन वाटे केले. मळईचा आणि माळाचा वाटा त्याच दिवशी रवाना झाला. तीस वर्षांत सवय मोडलेल्या लोकांना तिफण धरता येईना, ओळी वाकड्या गेल्या, पण बी उबदार मातीत पडलं. तिसऱ्या वाट्याच्या राखणीला राजा स्वतः काळवटीत बसला. रोज सकाळी तो जोडे काढून गोजराबाईशेजारी उभा राही आणि विचारी, "आज?" ती मान हलवी. तो "बरं" म्हणून पुन्हा बांधावर बसे.

मळईत कोंब दिसले, माळ हिरवा झाला. वसंत आता पुन्हा पायी येत होता, आणि नवव्या दिवशी तो काळवटीत उतरला. त्या सकाळी गोजराबाईनं माती उचलली आणि मग थांबली. तिनं ती मूठ तुळसाच्या हातात दिली.

"तुझं रान आहे. तू पारख."

तुळसानं ढेकूळ केलं. कमरेपाशी धरलं, डोळे मिटले आणि सोडलं. फुटल्याचा आवाज दोघींनीही ऐकला.

"आला गं आक्का," तुळसा म्हणाली, आणि तिनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले. "चल आता, आधी पेरू. मग घरी चल जेवायला, जे असेल ते."

त्या राज्यात पुढे राजे आले नि गेले. पेरणीचा दिवस त्यांतल्या एकानंही ठरवला नाही. ते जोडे काढून बांधावर उभे राहत आणि विचारत, "आज?"