झाडून काढलेले सागवन

पूर्वी चंपक नगरीत पुष्यरथ राजा गादीवर असताना बोधिसत्त्व त्याच्या सागवनाचे राखणदार होते. तिथला एकेक साग त्यांनी रोपापासून वाढवला होता. वनाच्या कडेला पाने वेचणाऱ्या बायकांची वाडी होती. गळलेली सागाची पाने छपरांसाठी विकून त्या पोट भरत.

एकदा राजा वनात आला आणि म्हणाला, खालची जमीन अंगणासारखी स्वच्छ हवी. तेव्हापासून बोधिसत्त्व रोज वन झाडून घेऊ लागले, उरलासुरला पाचोळा जाळू लागले. वाडीतली म्हातारी वेणुका त्यांना सांगायला आली, की पाचोळ्यात बारीक काळे किडे राहतात, तेच झाडांची राखण करतात, त्यांना जाळू नका. बोधिसत्त्वांनी ते हसण्यावारी नेले. राजाची शाबासकी मिळत असताना म्हातारीचे कोण ऐकतो? बोधिसत्त्व झाले तरी माणूसच ते.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाने तांबूस पडली. झाडताना उडालेली धूळ त्यांच्यावर बसली होती, आणि खालच्या अंगाला मोहरीहून बारीक लाल कोळी जाळी विणून रस शोषत होते. काढे शिंपडून झाले, धूर करून झाला. कशाचाही उपयोग झाला नाही. कोवळी पानेसुद्धा उमलताच करपून गळू लागली.

पुरोहिताने निदान केले, की हे वाडीतल्या बायकांचे चेटूक आहे. वाडी पेटवून बायकांना हाकलून द्या, असा राजाने हुकूम सोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

वेणुकेचे बोलणे आठवून बोधिसत्त्व ओढ्यापलीकडे गेले. तिथवर झाडू कधी पोचला नव्हता. तिथले मोजके साग हिरवेगार होते. पाचोळ्यातून काळे किडे खोडावर चढत होते आणि लाल कोळी वेचून खात होते. बोधिसत्त्वांना आपली चूक कळली. गप्प राहिले असते तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. ते थेट दरबारात गेले.

"महाराज, बायका निर्दोष आहेत," ते म्हणाले. "वन मी मारले. झाडून झाडून मारले."

राजाने वाडीवरचा हुकूम मागे घेतला. वाळलेला प्रत्येक साग राखणदाराने स्वतःच्या हाताने तोडावा, ही शिक्षा दिली.

वाडी वाचली, पण पाने कुठे होती? आठवड्याभरात बायका बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाल्या. बोधिसत्त्वांनी कुऱ्हाड बाजूला ठेवून वेणुकेचे पाय धरले.

"खरं बोललास, बाबा," ती म्हणाली. "पण लेकरांना खरं खाऊ घालता येत नाही."

ती गेली. बोधिसत्त्वांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आपल्या संघातला स्थविर सोमदत्त. वेणुका म्हणजे वेशीबाहेर राहणारी, आपल्याला रोज पेज वाढणारी ती विधवा. आणि राखणदार मीच होतो. सत्य मी फार उशिरा बोललो. तरी बोललो. त्या जन्मीची माझी सत्यपारमिता, सत्य पुरते पाळण्याची साधना, एवढीच."