जंतूंची शिडी

सून सुलभाला क्षय झाल्याचं कळताच काकासाहेबांनी माडीवरून हुकूम सोडला, "औषधं चालू द्या, पण तिची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत हलवा."

परदेशात शिकून आलेली पुतणी रेवती आडवी आली. "वहिनी घरातच राहील, काका. खिडक्या उघड्या ठेवू आणि छताजवळ अतिनील दिवा लावू. त्याचा उजेड वरच राहतो, तिथे पोचलेल्या हवेतले जंतू तो मारतो."

काकासाहेब खो खो हसले. "सूनबाई खाली, दिवा वर! जंतू काय शिडी लावून चढणार मरायला?"

रेवतीकडे आकडे होते, पण आकड्यांनी काका हलणार नव्हते. ती खाली आली. वहिनीला तिने अंगणात बसवलं आणि तापल्या तेलात मूठभर सुक्या मिरच्या सोडल्या.

माडीवर शिंकांचा सपाटा सुरू झाला. "अगं, काय जाळतेस?"

"मिरच्या, काका! चूल तर खाली आहे. त्यांना शिडी कुणी दिली?"

काकासाहेब डोळे पुसत खाली उतरले. अंगणात सुलभा एकटीच बसली होती, गोठ्याकडे पाहत.

"दिवा कुठे लावायचा ते दाखव," ते रेवतीला म्हणाले. "शिडी मी धरतो."