याप्य

एकदा एका वैद्याच्या शिष्याने रोग्याला अगदी खरे तेच सांगितले, आणि तो बिचारा मरणाची वाट पाहत अंथरुणाला खिळला.

रोगी बंदरावरचा तांडेल, दम्याने बेजार झालेला. शिष्याने नाडी पाहिली आणि गंभीर मुद्रेने म्हटले, "हा रोग याप्य आहे." तांडेलाने अर्थ विचारला. "म्हणजे समूळ न जाणारा," एवढे सांगून, औषधाची पुडी ठेवून स्वारी निघाली. पाठांतर चोख निघाले म्हणून वाटेत खूशही होती.

चार दिवसांनी तांडेलाची बायको रडत वैद्यबुवांकडे आली. "आमचे धनी भिंतीकडं तोंड करून पडलेत. म्हणतात, जायचाच नाही तर औषध कशाला? पुडी उघडलीसुद्धा नाही."

औषधावाचून तांडेलाचा श्वास खरोखरच कोंडला असता.

वृद्ध वैद्यबुवा शिष्याला घेऊन तडक निघाले, पण घरात न शिरता अंगणात ओढून ठेवलेल्या होडीपाशी थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "कुऱ्हाड आणा. ही होडी फोडून चुलीत घाला." गुरुजींचे डोके फिरले की काय, असे शिष्याला वाटून गेले.

धापा टाकत तांडेल उंबऱ्यावर आला. "माझ्या होडीला कोण हात लावतो, बघू!"

"पाणी झिरपतं ना हिच्यात?"

"लाकूड आहे, झिरपणारच! दरसाल सांधे भरतो, राळ लावतो, तेल चोपडतो. माझ्या बापानं चालवली, आता मी चालवतो."

"म्हणजे झिरपणं कायमचं जायचं नाही?"

"कसं जाईल? समुद्राशी गाठ आहे!"

"मग बुडाली कधी?"

"बुडेल कशी? मी निगा..." तांडेल बोलता बोलता थबकला.

वैद्यबुवा हसले. "यालाच आम्ही याप्य म्हणतो. दुखणं जात नाही. पण निगा राखली तर माणूस बुडत नाही. अर्धा अर्थ माझ्या शिष्यानं सांगितला, अर्धा त्याच्या तोंडातच राहिला."

तांडेल उंबऱ्यावरच टेकला. मग बायकोला म्हणाला, "अगं, ती पुडी आण. आणि मधही." ती डोळे पुसत आत धावली. शिष्याचा जीव भांड्यात पडला.

परतताना तो हळूच म्हणाला, "गुरुजी, शब्द तर बरोबर होता."

"होता. पण तो तू पोथीला ऐकवलास, रोग्याला नाही."

पुढच्या हंगामात होडी पाण्यात उतरली, तेव्हा खोकत का होईना, सुकाणूवर तांडेलच होता. आणि तो शब्द उच्चारल्यावर शिष्य आता लगेच उठत नसे. रोग्यापाशी बसून राही.