फूल वाहिलेलं घड्याळ

वत्सलाबाई टिपणीसांच्या यजमानांनी हौसेनं घेतलेलं ते दुर्मिळ विलायती घड्याळ कधी मनगटावर चढलंच नाही. चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेलं. दर दसऱ्याला बाहेर काढायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि परत डबीत. चांगले दिवस येऊन गेले, मग यजमानही गेले.

घड्याळांचे बडे संग्राहक मोहिरेसाहेब ते विकत घ्यायला आले आणि हरखले. "कोरं करकरीत! वहिनी, माझ्याकडची सगळी अशीच. डबी एकदा लॉकरमध्ये गेली, की मी स्वतःसुद्धा उघडत नाही. बोला, काय देऊ?"

वत्सलाबाईंनी घड्याळाला चावी दिली, ते मनगटावर बांधलं आणि रिकामी डबी मिटून त्यांच्यापुढे सरकवली.

"ही न्या. उघडणारच नाही, तर तुम्हाला काय फरक पडतो?"

साहेब निघून गेले. बाई मनगट कानाशी धरून बराच वेळ बसल्या.

"हे ह्यांनाच सुनावायला हवं होतं मी," त्या पुटपुटल्या, "तेव्हाच."