पवन्याचा रुबाब

झाडं माणसांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. सगुणाताईंनी माळावरून पवन्या गवताचा एक ठोंब आणला आणि बागेच्या फाटकाशी, गुलाबाशेजारी लावला.

ताईंचा हात मायेचा. गुलाबाला मिळे तेवढंच पाणी आणि शेणखत त्या पवन्यालाही घालू लागल्या. पवन्या भराभर वाढला, पण अंगाने पोचट झाला. वाऱ्याची झुळूक आली की जमिनीवर लोळे.

"काय पाहुणे, आज तरी उठणार का?" गुलाब रोज विचारी.

पावसाळ्याच्या तोंडाशी ताई कुदळ घेऊन आल्या. "एवढं केलं तुझ्यासाठी, तरी तुझी ही तऱ्हा! उकिरड्यावरच टाकते तुला."

"ताई, त्याआधी एक करा," पवन्या म्हणाला. "मला बुडाशी कापा आणि विसरून जा. पाणी नको, खत नको. पाऊस देईल तेवढं मला पुरतं. दिवाळीला उभा दिसलो नाही, तर खुशाल उपटा."

ताईंना ते पटलं नाही, पण त्यांनी विळा चालवला. पुढे पाणी घालायला हात शिवशिवला, की त्या घागर गुलाबावर रिकामी करीत.

दिवाळीत पवन्या कमरेइतका ताठ उभा होता. उन्हात तांब्यासारखा चमकत होता. येणारे-जाणारे गुलाब ओलांडून त्याच्यापाशी थबकत होते.

गुलाबाला राहवेना. "तुला कोणी पाणीसुद्धा घालत नाही. मग एवढा रुबाब कशाचा रे?"

"त्याचाच," पवन्या म्हणाला.